तिसरा आक्षेप

आमच्या कॉलेजातला तत्त्वज्ञानाचा विभाग बंद पडला त्याला बाहेरची कारणं पुष्कळ होती. ती सगळी खरी आहेत आणि इतकी वर्षं मी तीच लोकांना सांगत आले. शेवटचा धक्का मी दिला, एवढंच काय ते गाळत आले. आता लिहून टाकते. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही. ज्यांची लिहावीत त्यांना ती नको होती, आणि बाकीच्यांची लिहावी अशी माझी इच्छा नाही.

विभाग म्हणजे सर. दुसऱ्या एक बाई होत्या, त्या निवृत्त झाल्यावर जागा भरली गेली नाही. जिन्याखालची एक खोली, दोन कपाटं, एक फळा आणि सर. मी नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर वर्ध्याकडून पुण्यात शिकायला आले. पहिल्या तासाला सरांनी विचारलं, "लक्ष आहे का आपलं?" मी म्हटलं, "हो सर, ऐकून राहिली." सर म्हणाले, "ऐका. राहण्याची सोय वसतिगृहात केलेली आहे." वर्ग हसला. मला इतका राग आला की मी त्या दिवसापासून सरांचा एकही तास बुडवला नाही. चुकीच्या कारणानं का होईना, मी तत्त्वज्ञान घेतलं ते असं. एकोणीस वर्षांच्या मुलीलाही ते 'तुम्ही' म्हणत. त्यात मान किती आणि अंतर किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सरांनी आयुष्य एका माणसावर घालवलं होतं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडात जन्मलेला एक ख्रिस्ती भिक्षू. इंग्लंडात आणि पॅरिसला त्यानं शिकवलं, बेचाळिशीच्या आसपास ऱ्हाईन नदीकाठच्या एका शहरात तो मेला आणि मागे अर्धवट हस्तलिखितांचा ढीग ठेवून गेला. त्याच्या शिष्यांनी ते कागद जुळवले, त्यात आपली भर घातली, आणि पुढची कित्येक शतकं विद्वान भांडत राहिले की यातलं त्याचं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं. भांडणाला कारण होतं. तो विरोधकाचं म्हणणं इतक्या ताकदीनं मांडायचा की वाचणारा तिथेच थांबायचा आणि तेच त्याचं मत समजायचा. पुढे दिवस फिरले, त्याच्या परंपरेची टिंगल सुरू झाली आणि त्याच्याच नावावरून इंग्रजीत मठ्ठ मुलासाठी एक शब्द रुळला. सर हे सांगताना अजिबात हसत नसत. "युरोपातल्या सर्वांत बारीक बुद्धीच्या माणसाचं नाव त्यांनी ढ मुलाला दिलं," ते म्हणत, "आपण निदान विसरतो तरी."

त्याच्याबद्दल एक भयंकर दंतकथा आहे. त्याला म्हणे अधूनमधून मेल्यासारखी मूर्च्छा यायची, हे ठाऊक असलेला सेवक नेमका गावाला गेलेला, आणि लोकांनी त्याला जिवंतच पुरलं. आम्हा मुलींना ही गोष्ट फार आवडे. सरांना चीड येई. "माणूस काय विचार करत होता ते सोडा, कसा पुरला ते विचारा," ते म्हणत. सरांना आवडायची ती दुसरी गोष्ट, आणि ती खरी होती. फ्रान्सच्या राजाचं पोपशी भांडण जुंपलं तेव्हा पॅरिसमधल्या एकेका भिक्षूला बोलावून विचारलं गेलं, तू राजाच्या बाजूचा की नाही. यानं नाही म्हटलं. तीन दिवसांत देश सोडावा लागला. त्याला हो म्हणता आलं असतं, पुष्कळांनी म्हटलंही. सर ही गोष्ट दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी तिच्यानंतर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत.

त्याचा विचार मला पहिल्यांदा कळला तो सरांच्या टेबलावरच्या दोन खडूंवरून. दोन्ही पांढरे, दोन्ही सारख्या लांबीचे, एकाच खोक्यातले. सरांनी विचारलं, यांच्यात फरक काय? आम्ही म्हटलं, जागेचा. त्यांनी अदलाबदल केली. आता? खडूचे सगळे गुण मोजून झाले तरी हा खडू 'हाच' असण्याचं काहीतरी उरतं, असं त्या भिक्षूचं म्हणणं. जातीत न मावणारं, व्याख्येत न सापडणारं. आपल्याकडच्या वैशेषिकांनी 'विशेष' म्हणून मानलं त्याच्या जवळचं, पण तेच नव्हे. या फरकावर सर तासभर बोलू शकत. त्यांनी त्यासाठी मराठी शब्द केला होता, 'हेपण'. संस्कृत शब्द सहज मिळाला असता, पण सरांना घरातला हवा होता. गावाकडून आलेल्या, नावाऐवजी हजेरी क्रमांकानं ओळखल्या जाणाऱ्या मुलीला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको.

आणि शनिवारचा वाद. जुन्या युरोपी विद्यापीठांची रीत आणि आपल्याकडची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची रीत एकत्र करून सरांनी तो बसवला होता. दर शनिवारी तास संपले की एक प्रश्न घ्यायचा. शिष्यानं आक्षेप घ्यायचे, सरांनी उत्तर द्यायचं. नियम कडक. आक्षेप असा मांडायचा की ते मत खरोखर मानणाऱ्यानंही म्हणावं, मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं. उत्तर देणाऱ्यानं आधी तो आक्षेप आपल्या शब्दांत परत सांगायचा आणि विचारायचं, "हेच ना?" समोरच्यानं हो म्हटल्याशिवाय उत्तर सुरू करायचं नाही. आणि शेवटचा नियम: उत्तर नसेल तर 'उत्तर नाही' असं सरळ म्हणायचं आणि बसायचं. त्यात लाज नव्हती. उलट सरांच्या वहीत अशा शनिवारांना लाल रेघ असे, आणि त्या रेघांचा त्यांना अभिमान होता. मी एम.ए.च्या दोन वर्षांत दोनदा लाल रेघ मिळवली. त्या खोलीत याहून मोठं बक्षीस नव्हतं.

एम.ए. झाल्यावर मी वर्षभर सरांच्या भिक्षूवरच्या पुस्तकाच्या टिपा लावत बसले. पीएच.डी.ला नाव घालायचं चाललं होतं. घरून पैशांची ओढाताण सांगणारी पत्रं येत होती. मैत्रिणी बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या क्लासला जात होत्या. मीही जाऊ लागले, सरांना न सांगता. मग हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम कुठे मोडेल ते शोधायचं. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुम्ही तत्त्वज्ञान केलंत, हे कसं जमेल? मी म्हटलं, मला आक्षेप घेता येतात. तो हसला आणि मला घेतलं.

सरांना सांगायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी त्या भिक्षूचंच सांगितलं: माणसाच्या इच्छेत दोन ओढी असतात, एक आपल्या भल्याची, दुसरी न्यायाची. आणि योग्य काय ते पूर्ण कळल्यावरही इच्छा दुसरीकडे वळू शकते, कळणं तिला बांधून ठेवत नाही. "म्हणूनच ती इच्छा," सर म्हणाले. "नाहीतर आपण सगळे गणितं झालो असतो." मी हे आशीर्वादासारखं घेतलं. तो होता की नाही, कोण जाणे. कंपनीत आम्हाला 'रिसोर्स' म्हणत. दोन रिसोर्स इकडे द्या, एक तिकडे हलवा. हसू यायचं, मग ते यायचं बंद झालं, मग मीही तसंच बोलू लागले.

दोन-तीन वर्षांनी सरांचा फोन आला. संस्थेनं विनाअनुदानित कॉम्प्युटरचे वर्ग वाढवायचे ठरवले होते, जागा हवी होती, आणि विद्यार्थी कमी असलेल्या विषयांचा फेरविचार होणार होता. प्रत्येक विभागानं समितीपुढे येऊन आपली बाजू मांडायची, सोबत एक माजी विद्यार्थी आणायचा. मी गेले तेव्हा सरांनी योजना सांगितली. आपण शनिवारचा वाद करायचा. मी दोन आक्षेप घ्यायचे, सर उत्तर देतील.

मी म्हटलं, "सर, तिथे असं चालत नाही."

"मग कसं चालतं?"

"फायदे सांगतात."

"ते साबणाचे सांगतात," सर म्हणाले. "हा विषय काय आहे ते दाखवायचं तर तो करूनच दाखवायला हवा."

यात धोका आहे हे मला दिसत होतं. कंपनीत मी रोज सभा बघत होते. पहिल्या दोन मिनिटांत जे ऐकू येतं तेच लोक घेऊन जातात, हे मला सरांपेक्षा चांगलं माहीत होतं. मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही, कारण मला वाद करायचा होता. किती दिवसांत कोणी माझं एवढं नीट ऐकलं नव्हतं.

समिती शनिवार पेठेतल्या संस्थेच्या दिवाणखान्यात बसली होती. टेबलावर काच, काचेखाली चहाच्या गोल डागांचं जुनं कापड, कोपऱ्यात नवाकोरा प्रोजेक्टर. आमच्या आधी भूगोलवाले पडद्यावर चित्रं दाखवून गेले होते. त्यांच्या माजी विद्यार्थ्यानं विषयामुळे आपलं आयुष्य कसं घडलं ते सांगितलं होतं, आणि वडे आले होते. अध्यक्षांच्या जागी संस्थेचे कार्यवाह. वर्णानं गोरे, वागण्यात नेमस्त, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "या," ते म्हणाले. "चहा झाला की सुरू करा. तत्त्वज्ञानाला घाई नसते म्हणतात, पण आम्हाला आहे."

मी उभी राहिले. पहिला आक्षेप ठरलेला होता: विद्यार्थी नाहीत, आणि जिथे शिकणारा नाही तिथे शिकवणं ही केवळ सवय उरते. दुसरा: या विषयात कोणी काही शिकला की नाही हे कोणत्याही परीक्षेला कळत नाही, आणि जे तपासता येत नाही ते संस्थेनं का पोसावं. बोलता बोलता मला दिसलं की कार्यवाहांनी पेन खाली ठेवलं आहे. बाकीचेही वड्याचा घास थांबवून ऐकत होते. मला ते चढलं. दुसरा शब्द नाही. इथे थांबायचं होतं, आणि मी थांबले नाही.

"तिसरा आक्षेप," मी म्हटलं. सरांनी मान वर केली. "सरांच्या हाताखाली तयार झालेली सर्वांत तयार विद्यार्थिनी मी, असं सर स्वतः सांगतात. मी आज दुसरंच काम करते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. हा विषय काय देतो ते मला इथल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं, आणि कळूनही मी तो सोडला. जो विषय त्याची किंमत पुरती कळलेल्या माणसालाही आपल्याजवळ ठेवू शकत नाही, तो बाहेरच्यांनी कशासाठी टिकवायचा?"

मी बसले. मला फार आनंद झाला होता.

सर उठले. पहिला आक्षेप त्यांनी आपल्या शब्दांत सांगितला, मला विचारलं, "हेच ना?", मी हो म्हटलं, आणि त्यांनी त्याचे असे काही तुकडे केले की टेबलाच्या त्या टोकाला बसलेले एक वृद्ध सभासद 'वा' म्हणाले. दुसऱ्याचंही तसंच. आयुष्यात मी सरांना त्याहून चांगलं बोलताना ऐकलेलं नाही. मग त्यांनी तिसरा घेतला. माझ्यापेक्षा चांगला मांडला. माझ्या आक्षेपात एक भोक होतं, घरच्या परिस्थितीचं. ते त्यांनी स्वतः बुजवलं. म्हणाले, गरज असली तरी जीव असेल तर माणूस संध्याकाळी येतो, रविवारी येतो. ही आली नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हेच ना?"

मला नाही म्हणता आलं असतं. मी रविवारी यायचं ठरवलं होतं, असं म्हणता आलं असतं. काहीही चाललं असतं. मी नियमाप्रमाणे म्हटलं, "हो."

सर थोडा वेळ उभे राहिले. समितीला वाटलं ते आठवतायत. मला माहीत होतं की ते आठवत नाहीयेत, ते खरोखर शोधतायत.

"याला माझ्याजवळ उत्तर नाही," ते म्हणाले आणि बसले.

जिन्याखालच्या खोलीत याला लाल रेघ मिळाली असती. कार्यवाहांनी पेन उचललं. "आपला प्रांजळपणा फार आवडला," ते म्हणाले, आणि त्यांना तो खरंच आवडला होता, कारण त्यांचं काम झालं होतं. ठरावात लिहिलं गेलं की विभागप्रमुखांनी व माजी विद्यार्थिनीनं विषयाची निरुपयोगिता स्वतःच मान्य केली. पायऱ्या उतरताना सर म्हणाले, "तिसरा चांगला होता. आयत्या वेळचा?" मी मान डोलावली. "तरीच," ते म्हणाले आणि सायकलीचं कुलूप काढू लागले.

मला त्यांचा संताप आला. आजही येतो. एक वाक्य खोटं बोलला असता हा माणूस तर काय बिघडलं असतं? त्या भिक्षूनं निदान राजाला नाही म्हटलं होतं. यांनी समितीला उत्तर नाही म्हटलं, आणि त्या दोन्हींत एकच ताठपणा आहे हे मला तेव्हा बघायचं नव्हतं. सरांवर चिडण्यानं मला बरं वाटायचं, म्हणून मी पुष्कळ दिवस चिडून राहिले.

जिन्याखालच्या खोलीची भिंत पाडून शेजारच्या वर्गाला जोडली आणि तिथे मशीनं लावली. सरांना कॉम्प्युटरच्या मुलांना संभाषणकौशल्य शिकवायला सांगितलं. हस्तांदोलन कसं करावं, डोळ्यांत बघून कसं बोलावं. त्यांनी वर्षभर शिकवलं, कामचुकारपणा न करता, असं मला कळलं. मग त्यांनी राजीनामा दिला, पेठेतली भाड्याची जागा सोडली आणि शहराबाहेर मांजरी गावात एका नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट घेऊन ते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, राहायला गेले. त्या सभेनंतर चार वर्षं मी सरांकडे गेले नाही.

गेले ती एका रविवारी दुपारी. फाटकावरच्या वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "सर हायेत की. कुठं जात्यात ते. वर जावा." इमारतीच्या मागे अजून ऊस उभा होता आणि कुठेतरी पाचट जाळल्याचा वास येत होता. काकूंनी दार उघडलं. मला बघून त्या ना हसल्या ना रागावल्या. "या," म्हणाल्या. "त्यांना आता कमी ऐकू येतं. पण तुमचं येईल."

सर वाळले होते. भिक्षूवरच्या पुस्तकाच्या टिपांचे गठ्ठे पलंगाखाली होते. ते पुस्तक होणार नाही हे बघूनच कळत होतं. मी घरून ठरवून आणलेलं सगळं एका दमात बोलले. चुकले, जिंकायच्या नादात बोलले, माफ करा.

"माफी कशाची? नियम मोडला नाहीत," सर म्हणाले. "जिंकायला बोललात, ते तुमचं कारण झालं. मी आक्षेपाबद्दल विचारतो. खरा होता का?"

"खरा होता."

"तर मग बाजू बदलू या." ते सरसावून बसले, आणि मला दिसलं की ते याची वाट बघत होते. "चार वर्षं मी उत्तर शोधतोय. मला सापडत नाही, कारण मी कधी बाहेर पडलो नाही. तुम्ही पडलात. दोन्ही पाहिलंत. तेव्हा आज आक्षेप मी घेतो, उत्तर तुम्ही द्या. सोडून गेलेल्या माणसाजवळ या विषयाचं काय उरतं?"

त्यांनी तिसरा आक्षेप परत मांडला, शांतपणे, शब्द न बदलता. आवाजात कसलाही डंख नव्हता. त्यांना उत्तर खरोखर हवं होतं. काकू दारात थांबल्या होत्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला जे येत होतं ते आलं. विश्लेषणक्षमता. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. बारीक तपासायची सवय, टीममध्ये काम करताना दुसऱ्याचं म्हणणं समजून घेणं, क्लायंटसमोर मुद्दा मांडणं. मी म्हटलं की माझ्या कामात मी जी काही पुढे गेले ती या शिक्षणामुळे, आणि ते खोटं नव्हतं. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, आणि दुसरे शब्द शोधले तर सापडत नव्हते. कधीतरी होते. कुठे गेले ते मला सांगता येणार नाही. मी आणखी थोडं बोलले आणि थांबले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग नियमाप्रमाणे माझं म्हणणं त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं. "म्हणजे हा विषय शिकला की दुसरं काम चांगलं करता येतं. हेच ना?"

मी म्हटलं, "हो."

"हे समितीला पटलं असतं," सर म्हणाले.

ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं एक निरीक्षण होतं, आणि बरोबर होतं. त्यांनी चष्मा काढून पलंगावर ठेवला आणि डोळे चोळले. काकूंनी चहा आणला. थोड्या वेळानं सरांनी विचारलं की हिंजवडीहून इथे यायला किती वेळ लागतो, आणि रस्त्यात गर्दी असते का. मी सविस्तर सांगू लागले. ते मान हलवत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्यांना नको होतं.